जीवनसत्त्वाधिक्य आणि रोगवर्गीकरण

इ. स. १५९७ मध्ये नोवाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांनी ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ले. तिघे गंभीर आजारी पडले व त्यांची त्वचा सोलून निघाली. गेरिट द व्हेर याने ही हकीकत रोजनिशीत नोंदविली. तिचे कारण मात्र रोडाल व मूर यांनी १९४३ मध्ये अशा यकृतातील विपुल 'अ' जीवनसत्त्व मोजले, तेव्हा स्पष्ट झाले. बेर्तियाँच्या १८९३ च्या मृत्युकारणसूचीत या विकारास स्थान मिळणे शक्यच नव्हते. 'व्हिटॅमिन' हा शब्दच १९१२ चा. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीत तो २७८.२, तर १९९० मध्ये मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत ई ६७.० या संकेतांकाखाली, दोन्हीकडे स्थूलतेच्याच शेजारी, आढळतो. सारांश, संकेतांकाचा अभाव म्हणजे रोगाचा अभाव नव्हे, हा विवेक जुनी मृत्युकोष्टके अभ्यासणाऱ्याने बाळगणे अगत्याचे आहे.