वळणावरची दोरी

भिंत उचलताना गवंडी दोन टोकांना खिळे ठोकतो, लाइनदोरी ताणतो आणि तिच्या भरवशावर विटा लावत जातो. ताणलेली दोरी सरळच राहते, म्हणून तर आपण ‘सुतासारखा सरळ’ म्हणतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काँक्रीटचे रस्ते टाकणारी अवजड यंत्रंही अशाच दोरीच्या भरवशावर चालली. पण रस्ता तर वळतो. मग या सरळ दोरीनं यंत्राला वळण कसं दाखवलं? अमेरिकेतल्या काँक्रीट रस्त्यांचा इतिहास या प्रश्नाच्या बाजूने वाचला, तर वळणाचं ज्ञान कुणाच्या हातात होतं आणि ते पुढे कुठे गेलं, हे दिसतं.

सुरुवातीला वळण लोखंडात होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना पोलादी शटरिंग जमिनीत खुंट्या ठोकून पक्कं बसवायचं, त्यात काँक्रीट ओतायचं. काँक्रीट पसरणारी, सारखी करणारी यंत्रं त्याच शटरिंगवरून रुळावरच्या डब्यासारखी चालत. त्यामुळे यंत्राला स्टिअरिंग लागायचंच नाही. शटरिंगचे तुकडे साधारण तीन-तीन मीटरचे आणि सरळ. मोठ्या त्रिज्येच्या वळणावर ते टोकाला टोक लावून चालून जायचे, तीव्र वळणावर मात्र वाकवलेले तुकडे आणावे लागत. वळण बरोबर येणं हे शटरिंग लावणाऱ्या माणसांच्या हातात होतं.

मग आयोवा राज्याच्या हायवे कमिशनमधल्या जेम्स जॉन्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शटरिंगच काढून टाकायचं ठरवलं. यंत्राबरोबर सरकणारा साचा, म्हणजेच स्लिपफॉर्म. आधी छोटी प्रायोगिक यंत्रं झाली आणि १९४९ साली ओब्रायन काउंटीत खरा रस्ता टाकला गेला. यंत्र एका वेळी दहा फूट रुंद पट्टा टाकायचं, शेजारी दुसरा पट्टा टाकला की रस्ता पूर्ण. यातलं काँक्रीट इतकं घट्ट असतं, की साचा पुढे सरकल्यावरही कड उभी राहते.

शटरिंग गेलं, त्याबरोबर रूळही गेले. आता यंत्राला वाट कोण दाखवणार? उत्तर होतं, दोरी. १९६० च्या दशकात ओक्लाहोमाच्या सीएमआय कंपनीसारख्या उत्पादकांनी दोरी चाचपत चालणारी स्वयंचलित यंत्रं रूढ केली. सेन्सरची एक काडी दोरीला खालून वा वरून टेकते आणि उंची सांगते, दुसरी बाजूने टेकते आणि दिशा सांगते. काडी जरा हलली की हायड्रॉलिक झडप उघडते आणि पट्ट्यांची चाकं वळतात.

सरळ रस्त्यावर हे झकास चालतं. खरी परीक्षा वळणावर होते. दोरी खुंट्यांवर ताणलेली, त्यामुळे दोन खुंट्यांच्या मध्ये ती सरळच, म्हणजे भूमितीतली जीवा. खुंट्या साडेसात मीटरवर आणि वळणाची त्रिज्या १०० मीटर असेल, तर मधोमध दोरी खऱ्या वळणापासून सात सेंटिमीटर आत येते. वर प्रत्येक खुंटीपाशी एक कोपरा, तो सेन्सरला जाणवतो आणि यंत्र हिसका देतं. उपाय साधा, पण कष्टाचा: खुंट्या अडीच मीटरवर आणायच्या. अंतर एक तृतीयांश झालं की चूक एक नवमांश होते, आठ मिलिमीटरच्या आत येते. दोरी लावणाऱ्यांचं काम मात्र तिप्पट.

एवढ्यावर भागत नाही, कारण यंत्र स्वतःही एक जीवाच आहे. पुढच्या आणि मागच्या सेन्सरमध्ये सहा मीटर अंतर असेल, तर दोघेही तंतोतंत दोरीवर असताना त्यांच्या मधला भाग त्याच वळणावर साडेचार सेंटिमीटर सरकलेला असतो. म्हणून वळणात शिरताना ऑपरेटर सेन्सर थोडे सरकवायचे, बाहेर पडताना पुन्हा जागेवर आणायचे. शिवाय आठ मीटर रुंद पट्टा काटकोनात वळला, तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा साडेबारा मीटर जास्त लांब होते. बाहेरचे पट्टे तेवढे वेगात चालायला हवेत, नाहीतर सगळं यंत्र घसटत जातं. आणि हे सगळं मागे ओलं काँक्रीट सोडत. जी चूक होते, ती तशीच घट्ट होते आणि पुढची कित्येक वर्षं गाड्यांना जाणवते.

२००० नंतर दोरीही जाऊ लागली. रस्त्याचं त्रिमितीय मॉडेल यंत्रातल्या कॉम्प्युटरमध्ये, यंत्राच्या खांबांवर प्रिझम आणि बाजूला उभी असलेली टोटल स्टेशनं त्यांचा सतत मागोवा घेणार. जीवेची भानगडच उरली नाही. वळण सलग मोजलं जातं, सेन्सर हातानं सरकवावा लागत नाही, ट्रकना दोरी आडवी येत नाही. तीव्र वळणावर तर हा फायदा लगेच दिसतो.

पण एक गोष्ट हातची गेली, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ती महत्त्वाची वाटते. दोरी सगळ्यांना दिसायची. एक डोळा मिटून तिच्या रेषेत पाहिलं की खुंटी हलली आहे का, हे मुकादमालाही कळायचं आणि नव्या मजुरालाही. काम थांबवा म्हणायला पदवी लागत नव्हती. मॉडेलमधला चुकलेला आकडा असा दिसत नाही. यंत्र त्या चुकीमागेही तितक्याच इमानदारीनं चालतं. शटरिंगवाल्यांकडून दोरीवाल्यांकडे आणि त्यांच्याकडून मॉडेल करणाऱ्याच्या ऑफिसात, असा वळणाच्या ज्ञानाचा प्रवास झाला. दर टप्प्यावर वळण सुधारलं, पण ते तपासू शकणारी माणसं कमी झाली.

दोरीच्या काळातल्या एखाद्या रॅम्पवर कधी पायी जायची संधी मिळाली, तर खाली वाकून कडेला डोळा लावून बघा. गोलाईत मध्येच एखादा छोटा सरळ तुकडा दिसला, तर समजा, तिथे कुणीतरी दोन खुंट्या जरा लांब ठोकल्या होत्या.