नाना शंकरशेटांचे मुरबाड आणि आमची पहिली रेल्वे

आमच्या घरातला रेल्वेचा पहिला सफर १९९८ च्या मे महिन्यातला. आम्ही मुरबाडचे. मुरबाडला एस.टी. आहे, रेल्वे नाही. दादीने साठी ओलांडली होती, पण रेल्वेत पाय ठेवला नव्हता. शहापूरच्या मामांकडे मात्र आसनगाव स्टेशन हाकेच्या अंतरावर. सुट्टीत भेट झाली की मामांची मुले हटकून विचारीत, "तुमच्या गावाला गाडी कधी येणार?" आमच्याकडे उत्तर नसे.

त्या वर्षी अब्बांनी माथेरानला जायचे ठरवले. डबे, पाण्याची सुरई, चटई घेऊन आम्ही पहाटेच्या एस.टी.ने कल्याणला उतरलो. कर्जतकडची लोकल फलाटाला लागली, तेव्हा दादीने अब्बांचा हात घट्ट धरून विचारले, "बेटा, ये खडी रहेगी ना, हम चढने तक?" सगळे हसले. बिस्मिल्ला म्हणत ती चढली आणि खिडकीशी बसली.

पुढे बी.एड. करून शाळेत इतिहास शिकवू लागलो, तेव्हा आम्हाला कळले, की ज्या माणसाने या देशात रेल्वे यावी म्हणून धडपड केली, तो आमच्याच मुरबाडचा. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट मुरकुटे. जन्म १८०३. घराणे मूळ मुरबाडचे, व्यापार मुंबईत. १८४५ मध्ये नाना आणि जमशेटजी जीजीभाई यांनी रेल्वेसाठी पुढाकार घेतला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, अंतर ३४ किलोमीटर. तीन इंजिने होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. वर्गात ही नावे सांगितली, की आमची मुले खुश होतात.

१८५४ मध्ये गाडी कल्याणला आली. तिथून रुळांच्या दोन शाखा फुटल्या. एक १८५५ मध्ये वाशिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोहोचली. शहापूर तालुक्याला वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशने मिळाली. दुसरी शाखा कर्जतवरून बोरघाटाने पुण्याकडे गेली. मुरबाड या दोन शाखांच्या मधोमध राहिले. वास्तविक सुरुवातीला माळशेज घाटातून मार्ग नेण्याचा विचार होता. तसे झाले असते, तर गाडी आमच्या तालुक्यातून गेली असती. पण मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी माळशेजऐवजी थळ आणि बोर हे घाट निवडले. डोंगराच्या चढणीने आमच्या गावाचे नशीब ठरवले.

आता माथेरानचे पाहा. हे ठिकाण १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी प्रकाशात आणले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तिथे घोड्यावर, पालखीत नाही तर पायीच जावे लागे. मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय माथेरानला वरचेवर जात. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले. १६ लाख रुपये वडिलांनी दिले आणि १९०७ मध्ये नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवर गाडी वर चढली. त्या दिवशी आम्ही ज्या चिमुकल्या डब्यात बसलो, तो रस्ता एका बापलेकांनी बांधलेला होता. आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हते. डब्यात कुणी सांगितले नाही, शाळेतही कुणी शिकवले नव्हते. २६ जुलै २००५ च्या पावसात तो मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. लोकांनी आशा सोडली होती, पण २००७ मध्ये गाडी पुन्हा चढली.

म्हणजे डोंगर अडवतो हे खरे, पण कुणी मनावर घेतले तर डोंगरावरही रूळ जातात.

आज आम्ही शहापूर तालुक्यातल्या उर्दू शाळेत शिकवतो. नानांचा धडा घेताना एका मुलीने विचारले, "इतने बडे आदमी थे, तो उनके गांव में ट्रेन क्यूं नहीं?" मामांच्या मुलांचाच प्रश्न, पंचवीस वर्षांनी. आम्ही फळ्यावर कल्याण काढले, दोन शाखा काढल्या, मधे मुरबाडचा ठिपका दिला. कल्याण-मुरबाड मार्गाला मंजुरी मिळाली आहे, हेही सांगितले. गाडी अजून यायची आहे.

माथेरानहून परतताना दादीने लोकलमध्ये विचारले होते, "ये अपने मुरबाड तक ले जायेगी ना?" अब्बा म्हणाले, "नाही अम्मी, कल्याणला उतरायचे." ती काही बोलली नाही. चटई काखेत घेऊन आमच्यासोबत एस.टी. स्टँडकडे चालू लागली. आज दादी नाही. गावात गाडी आली, की पहिले तिकीट तिच्या नावाने काढायचे, असे आम्ही भावंडांनी ठरवून ठेवले आहे.