सहकाऱ्यांचा अभिप्राय आणि डॉक्टरांचे आत्मपरीक्षण : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली तत्कालीन औरंगाबाद येथे स्थापन झाले. त्यानंतर १९७४-७५ च्या सुमारास बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या नावातील ‘ग्रामीण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खेड्यात टिकून राहील असा डॉक्टर घडविणे ही त्यामागील अपेक्षा होय. मात्र अशा डॉक्टराचे मूल्यमापन कोणी करावे, या प्रश्नाकडे वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

याच काळात श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये आपला अहवाल सादर केला. वैद्यकीय शिक्षण इस्पितळाच्या भिंतींबाहेर न्यावे, हा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालये ग्रामीण विकास गटांशी जोडण्याची योजना आखण्यात आली. शिकण्याची जागा बदलली, परंतु मूल्यमापनाची रीत बदलली नाही. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, रुग्णतपासणीची प्रात्यक्षिके आणि आंतरवासितेच्या अखेरीस विभागप्रमुखांची स्वाक्षरी, हा सारा निवाडा वरून खाली येणारा होता. प्रसूतीच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला किंवा सोबत रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टराला मत विचारण्याची सोय त्यात नव्हती.

वेगळी रीत मात्र फार दूर नव्हती. बीडच्या आष्टी व पाटोदा तालुक्यांना लागून असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या आरोग्यसेविका तेथे नियमित एकत्र येत. त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती. आपापल्या गावात काय केले, कोठे अडले, हे त्या एकमेकींना सांगत. बाकीच्या प्रश्न विचारीत आणि आपला अनुभव पुढे ठेवीत. ‘सहकाऱ्यांचा अभिप्राय’ असे भारदस्त नाव या प्रक्रियेला कोणी दिले नाही, पण प्रत्यक्षात ती तीच होती. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरीही वैद्यकीय महाविद्यालयांच्या मूल्यमापनात ही बैठकीची रीत उतरली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

पाश्चात्त्य देशांतही हा विचार सहज रुजला नाही. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक शस्त्रक्रियेचा अंतिम परिणाम नोंदवून तो उघड करण्याचा आग्रह धरला. त्यामुळे सहकाऱ्यांचा रोष त्यांना पत्करावा लागला. अमेरिकेत १९९३ मध्ये पॉल रॅम्से व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, एका डॉक्टराविषयी सुमारे ११ सहकाऱ्यांची मते मिळाल्यास निष्कर्ष पुरेसा विश्वसनीय ठरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून नवोदित डॉक्टरांच्या प्रशिक्षणात परिचारिकांसह अनेकांचे अभिप्राय घेतले जाऊ लागले. डॉक्टराने आधी स्वतःविषयीचे मत नोंदवावे व मग ते इतरांच्या मतांशी ताडून पाहावे, ही त्यातील मुख्य कल्पना होय.

अकराचा हा आकडा मोठ्या इस्पितळात जुळतो. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक-दोनच वैद्यकीय अधिकारी असतात, तेथे तो जुळणार नाही. तेथे ‘सहकारी’ या शब्दाचा अर्थ रुंदावूनच परिचारिका, आरोग्यसेविका, औषधनिर्माता व आशा कार्यकर्ती यांना त्यात सामावून घ्यावे लागेल. सेवाज्येष्ठतेच्या उतरंडीत हे अवघड आहे. वरिष्ठांविषयी खरे बोलणाऱ्या आरोग्यसेविकेला संरक्षण नसेल, तर मिळणारा अभिप्राय केवळ स्तुतिपत्र ठरेल.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला वेदनादायक संदर्भ आहे. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये पाहणी केली. सुमारे ८२ हजार महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. यापैकी प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे म्हणता येणार नाही. परंतु ‘याची खरोखर गरज आहे काय?’ असे विचारणारा समव्यावसायिक तेथे होता काय, हा प्रश्न उरतो. त्याच वर्षी खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. आपसांत न झालेली विचारणा अशा रीतीने प्रशासकीय आदेशाने आली.

योगायोगाने २०१९ मध्येच देशभर क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वर्तन, नीतिमूल्ये व संवाद यांना स्थान मिळाले, तसेच विद्यार्थ्याने आपल्या अनुभवावर चिंतनपर लेखन करावे अशी अपेक्षाही आली. हे लेखन विद्यार्थी करतो आणि शिक्षक वाचतो. त्याच खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेपर्यंत ते पोहोचावे, अशी अपेक्षा त्यात नाही.