एंडोटॉक्सिमिया, घोड्यांतील

ग्रॅम निगेटिव्ह जंतूंच्या पेशीभित्तीतले विष रक्तात उतरल्याने होणारा जीवघेणा विकार. या विषाला 'एंडोटॉक्सिन' हे नाव रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली पटकीच्या जंतूंवर काम करताना दिले. घोड्याच्या मोठ्या आतड्यात असे जंतू नेहमीच असतात. अस्तर शाबूत आहे तोवर ते निरुपद्रवी. आतड्याला पीळ पडला, चंदी अतोनात खाल्ली गेली, हगवणीने अस्तर सोलवटले, की विष रक्तात शिरते. घोडीची वार अडकून गर्भाशय सडणे आणि शिंगराच्या रक्तात जंतू पसरणे हीदेखील नेहमीची कारणे. अगदी थोड्या विषानेही घोडा कोसळतो. इतके हळवे जनावर क्वचितच.

ओळख हिरड्यांवरून पटते. ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबावी. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत भरते. या विकारात हिरडी विटकरी लाल, मग जांभळट होते, रंग उशिरा परततो आणि दातांच्या कडेने गडद रेघ उमटते. ही रेघ दिसली की वेळ फार थोडा उरलेला असतो. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ पडणारे हृदयाचे ठोके साठीपलीकडे जातात. ताप येतो, कान गार पडतात, घोडा मान टाकून उभा राहतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात.

मूळ कारण दूर करणे हाच खरा उपचार. पीळ असेल तर शस्त्रक्रिया. जोडीला शिरेतून भरपूर सलाइन, विष बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन बी आणि वेदनाशामक फ्लुनिक्सिन. फ्लुनिक्सिनची वेदनाशामक मात्रा किलोमागे १.१ मिलिग्रॅम, विषाच्या परिणामांविरुद्ध ०.२५ मिलिग्रॅम दर आठ तासांनी देतात. पॉलिमिक्सिन मूत्रपिंडांना बाधते, म्हणून आधी शरीरातले पाणी भरून काढावे लागते. वेदनाशामकाने घोडा शांत झाला म्हणजे बरा झाला, असे समजणे घातक आहे. मेलेले आतडेही दुखायचे थांबते. ठोके उतरले का, ते पाहावे.

वाचलेल्या घोड्यालाही खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, गाठू शकतो. खुरातले हाड एकदा खचले की ते पूर्ववत होत नाही. म्हणून लंगडण्याआधीच चारही खूर घोट्याच्या वरपर्यंत बर्फात ठेवावेत आणि तो दिवसरात्र बदलत राहावा. वार अडकूनही हा विकार होतो, म्हणून घोडी व्यायल्यानंतर तीन तासांत ती पडली नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे.