अटींवर मिळालेला प्रवेश

इस्लामपूरहून पेठ नाक्यावर आलं की उजवीकडे कराड आणि डावीकडे कोल्हापूर, बेळगाव करत थेट बंगळूर. भागवत भगिनींचं नाव या रस्त्यावरच्या दोन गावांशी जोडलेलं आहे. दुर्गाबाईंचं कराड सर्वांना ठाऊक: डिसेंबर 1975, आणीबाणी, साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. धाकट्या कमलाबाईंचं बंगळूर मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन 1933 साली कमला भागवत यांनी बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका तिथेच रसायनशास्त्र शिकलेले. गुणांचाही प्रश्न नव्हता. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहावर आल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं आणि त्यांच्यामुळे तिथलं वातावरण बिघडता कामा नये. ही तिसरी अट जरा निरखून पाहावी. बिघाड झालाच तर दोष कुणाचा, हे आधीच ठरलेलं होतं!

मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं आणि मग इतर मुलींनाही दार उघडलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतलं, श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन त्यांच्या हाती लागलं. 1939 साली पीएच.डी. झाली; प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. लग्नानंतर कमला सोहोनी झालेल्या बाईंनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला.

पण एकीच्या हट्टानं संस्था बदलत नसते. 1940 नंतर रामन यांच्याच प्रयोगशाळेत अॅना मणी यांनी स्वतःच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले, तरी एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. नाकारली. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी उपकरणं घडवून नाव कमावलं, ते पदवीवाचूनच.

पुण्याच्या रोहिणी गोडबोले पुढे याच बंगळूरच्या संस्थेत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तोवर प्रवेशाचा वाद मिटला होता, पीएच.डी. झालेल्या बायका पुढे जातात कुठे, हा प्रश्न उभा होता. 2010 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या पाहणीत संशोधनातल्या आणि संशोधन सुटलेल्या बायकांनाच तो विचारला. बायका संसारासाठी विज्ञान सोडतात, असं संस्था धरून चालल्या होत्या. उत्तर देणाऱ्या अनेकींनी सांगितलं की त्यांना नोकरीच मिळाली नव्हती.