सोपाऱ्याची सहल : विहारयात्रा की धम्मयात्रा?

आपल्या नाशिककरांना समुद्र पाहायचा म्हटलं की कसारा घाट उतरावाच लागतो. मुंबईच्या गर्दीत शिरायचं नसेल, तर वसई-विरारकडे वळता येतं. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव असे किनारे तिथे आहेत. पहाटे निघायचं, वाळूत बसायचं, भजी खायची आणि रात्री घरी. या किनाऱ्यांच्या जवळच नालासोपारा आहे. लोकलच्या पाटीवरचं हे नाव म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. आणि गंमत बघा, सहल कशासाठी करावी हे सांगणारा एक फार जुना लेख नेमका इथेच सापडला.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याला आले. आपल्या पांडवलेण्यांचे शिलालेख ज्यांनी वाचले, तेच हे. गावाबाहेर एक टेकाड होतं, लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. त्यांनी ते खणलं, तर आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी होती आणि तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे आणि बुद्धाच्या आठ छोट्या मूर्ती. त्याच साली त्यांना गावात ब्राह्मी अक्षरांचा एक फुटका दगडही मिळाला. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता.

या आठव्या लेखात आहे काय? सोपाऱ्याचा तुकडा अपुरा आहे, पण गिरनारसारख्या ठिकाणी हा लेख पूर्ण मिळतो. अशोक सांगतो, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. शिकार आणि मौजमजा करत. मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत काय करायचं? ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं, वृद्धांची विचारपूस करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचं. आणि यातला आनंद पहिल्यापेक्षा मोठा आहे, असंही तो म्हणतो. म्हणजे त्याने आनंद सोडला नाही, तो कशात शोधायचा तेवढं बदललं.

पुढे १९५६ साली भुईगावला, म्हणजे सहलीच्या त्याच पट्ट्यात, नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. आजारपण, लग्न, मूल होणं, प्रवासाला निघणं, या वेळी लोक नाना विधी करतात. पण दास-चाकरांशी नीट वागणं हा खरा मंगलविधी, असा त्या लेखाचा आशय आहे.

आता तुम्ही विचाराल, यात नाशिक कुठे आलं? पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात चला. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तिथे आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे आपण चौसोपी धर्मशाळा बांधल्या, असं त्यात नोंदवलंय. यातलं गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रस्त्यावरचं. तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा ठिकाणी फुकट नावा ठेवल्या, दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या. म्हणजे घाटावरून बंदराकडे जाणाऱ्या अनोळखी माणसाची सोय कुणीतरी केली होती आणि तिची पावती आपल्या डोंगरावर कोरलेली आहे. सोपाऱ्यात ती धर्मशाळा आज दिसत नाही. तिचा पुरावा नाशिकला आहे.

पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपलं. स्तूपातल्या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे गेल्या, आठव्या लेखाचा दगड छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. जागेवर विटांचं टेकाड उरलंय आणि चहूबाजूंनी वस्ती. त्यामुळे तिथे जाऊन आलेले पुष्कळ जण सांगतात, ‘काही नाही हो तिथे पाहायला.’

मला वाटतं, ही तक्रार विहारयात्रेची आहे. पाहायला थोडं असेल, विचारायला पुष्कळ आहे. जाण्याआधी एकदा पांडवलेणी चढा. मग सोपाऱ्याला आधी कोटावर जा, तिथल्या एखाद्या आजोबांशी बोला, गावातलं जुनं तळं कुठे होतं ते विचारा. समुद्र संध्याकाळी बघा. भजी खाऊ नका असं अशोकानेही कुठे लिहिलेलं नाही!