ऑगस्ट नावाचं विशेषण

ऑगस्ट म्हटलं की झेंडावंदन, श्रावण आणि धो धो पाऊस आठवतो. पण हा शब्द मुळात एक विशेषण आहे, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं!

लॅटिनमध्ये पुल्लिंगी 'ऑगस्टुस', स्त्रीलिंगी 'ऑगस्टा', नपुंसकलिंगी 'ऑगस्टुम'. आपलं चांगला-चांगली-चांगलं जसं, तसंच. शिवाय संस्कृतासारखी विभक्तीही नामाबरोबर बदलायची. मूळ धातू 'ऑगेरे', म्हणजे वाढवणं. गंमत म्हणजे भाषाशास्त्रज्ञ आपलं 'ओजस्' याच कुळातलं मानतात. ओजस्‌पासून ओजस्वी, तसा तिकडे ऑगस्टुस. रोमन लोक हे विशेषण पवित्र जागांना, देवळांना लावायचे.

मग ते माणसाला कसं चिकटलं?

इ.स.पू. 44 मध्ये ज्यूलियस सीझरचा खून झाला, कारण तो राजा होईल ही भीती. त्याचा वारस ऑक्टेव्हियन यादवी जिंकून एकटा उरला, तेव्हा त्याला म्हणायचं काय? स्वेटोनियस लिहितो, की काहींनी 'रोम्युलस' सुचवलं. पण रोम्युलस तर राजाच! शेवटी मुनाटियस प्लँकसची सूचना मान्य होऊन इ.स.पू. 27 च्या जानेवारीत सिनेटने 'ऑगस्टुस' दिलं. या शब्दाबरोबर ना पद आलं, ना फौज. फौज आधीच त्याच्याकडे होती. पुढे स्वतःच्या कारकिर्दीचा वृत्तांत लिहिताना त्याने म्हटलं, की तेव्हापासून माझी 'ऑक्टोरितास' सर्वांहून मोठी होती, अधिकार मात्र सहकाऱ्यांइतकाच. ऑक्टोरितास म्हणजे वजन, शब्दाला असलेला मान. हा शब्दही ऑगेरेचाच नातलग!

पुढे विशेषणाची पदवी झाली. त्याची पत्नी लिव्हिया 'ऑगस्टा' झाली, नंतरचे सम्राट 'ऑगस्टुस' झाले. जर्मनीतलं ऑग्सबुर्ग, इटलीतलं आओस्ता ही नावंही त्यातूनच आली. इ.स.पू. 8 मध्ये 'सेक्स्टिलिस' महिन्याला त्याचं नाव मिळालं आणि इ.स. 14 मध्ये 19 ऑगस्टला, त्याच महिन्यात तो वारला.

आपल्याकडे पेशव्यांना 'श्रीमंत' म्हणत, तेही विशेषणच. मला वाटतं, पदाला निदान विचारता तरी येतं, की बाबा रे, हा अधिकार तुला दिला कुणी? विशेषणाला काय विचारणार? ते नुसतं कौतुक असतं, आणि कौतुकाला विरोध करणारा वाईट दिसतो. रोमचं प्रजासत्ताक गेलं ते अशा आदबशीर शब्दांच्या आडून.

तेव्हापासून कुणाच्या नावाला नवं विशेषण चिकटलं, की मी जरा सावध होतो. असो.